काखेत धरलेलं रक्त

“काय निघालं, भाऊ?” कांताच्या बापानं लॅबच्या खिडकीतून विचारलं, अन् मी सांगून टाकलं.

सांगायचं माझं काम नव्हतं. मी लॅब अटेंडंट. बाटल्या धुणे, सुया उकळणे, रक्त काढताना दंडाला रबर बांधणे, रिपोर्ट वॉर्डात नेऊन देणे. शिक्षण चौथी. पण दहा वर्षं एका खोलीत काढली की माणसाला वाटायला लागतं, आपल्यालाबी यातलं कळतं. लोक खिडकीशी येऊन विचारायचे, मी कागद बघून सांगायचो. डॉक्टरच्या आधी सांगायचो. लोक हात जोडायचे. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

“गरमीची टेस्ट निघाली,” मी म्हणालो. “पॉझिटिव्ह हाय.”

गड्यानं खिडकीच्या गजावरचा हात काढला अन् मुलांच्या वॉर्डाकडं चालायला लागला.

परभणीत स्टेशनच्या बाजूला तेव्हा एक धर्मादाय दवाखाना होता. आता नाही. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. माझी बायको गया तिथंच मुलांच्या वॉर्डात आया होती. दवाखान्याच्या मागं आमची एका खोलीची क्वार्टर होती. गया जाऊन आता चौदा महिने झाले. असल्या जुन्या गोष्टी आमी दोघं जेवताना काढायचो. एक मी सांगायचो, त्यात चार चुका ती काढायची. आता चुका काढायला कुणी नाही, म्हणून कागदावर लिहितोय.

आधी टेस्टचं सांगतो. गरमी म्हणजे सिफिलिस. बाहेरच्या संबंधातून लागणारा रोग. आईला असला तर पोटातल्या लेकराला लागतो. त्याची तपासणी व्हीडीआरएल. रक्त गोठलं की वर पिवळं पाणी सुटतं, त्याला सिरम म्हणतात. ते सिरम अर्धा तास गरम पाण्यात ठेवायचं. मग काचेवर एक थेंब सिरमचा, एक थेंब औषधाचा. काच चार मिनिटं गोल गोल फिरवायची. फिरवायचं काम माझं. मग आमचे टेक्निशियन कादरी साहेब मायक्रोस्कोपखाली बघायचे. पाणी एकसारखं दिसलं तर निगेटिव्ह, बारीक गुठळ्या धरल्या तर पॉझिटिव्ह.

कांता अकरा वर्षांची होती, झरीची. ताप यायचा, सांधे धरायचे, केस गळायचे, तोंडात फोड. अन् दोन्ही गालांवर, नाकावरून इकडून तिकडं, लाल चट्टा. उन्हात गेली की जास्तच पेटायचा. गावात म्हणायले होते महारोग हाय. शाळेत मास्तरानं तिला दाराजवळ वेगळं बसवलं होतं. आमच्याकडं आल्यावर कानाच्या पाळीतून पाणी काढून महारोगाची टेस्ट केली, ती निघाली नाही. मुलांचे डॉक्टर जोगदंड म्हणून होते. ते बाकीच्या तपासण्या लिहून येलदरीला धरणाच्या कॉलनीत कॅम्पला गेले. उद्या येणार होते. तेवढ्यात हे झालं.

वॉर्डात काय झालं ते गयानं सांगितलं. कांताची आई चंद्रभागा पोरीचे गुडघे चोळत बसली होती. नवरा, रंगनाथ त्याचं नाव, दारातूनच बोलला. आत आला नाही. “पालमला चाललो. तुझ्या भावाला घेऊन येतो. तो आला की त्याच्यासंगं जा. पोरीलाबी ने. माझ्या घरात ही घाण नगं.”

तिनं विचारलं, “कसली घाण?”

“ते तुलाच म्हाईत.”

बारा खाटांचा वॉर्ड. सगळ्यांनी ऐकलं.

गया लॅबमध्ये आली तेव्हा मी नळ्या धूत होतो. तिच्या हातात बेडपॅन तसंच.

“त्याला कुणी सांगितलं?”

“मी.”

“तुमाला कुणी विचारलं होतं?”

“त्यानंच विचारलं.”

“आग लाव म्हनला आसता तर लावली आसती का?”

कादरी साहेबांनी मायक्रोस्कोपवरून डोकं वर केलं. हैदराबादला शिकलेला माणूस, निजामाच्या वेळचा. टोपी कधी काढायचे नाहीत. “गयाबाई, हुआ क्या?”

तिनं सांगितलं. साहेब माझ्याकडं बघत राहिले. “सोपान मियां, रिपोर्ट पे सही मेरी रहती. तू कायकू बोला?”

 मग त्यांनी फ्रिज उघडून तेच सिरम परत काढलं. पाणी घालून पातळ करत करत पुन्हा टेस्ट लावली. मी काच फिरवली.  पॉझिटिव्हच आलं, पण पातळ केल्यावर लगेच मावळलं.

“इत्ता कमजोर,” साहेब म्हणाले. “माँ के पेट से आया रहता तो जोर से आता. कुछ गडबड है.”

त्या रात्री गया माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढली, पाणी ठेवलं, बस.

सकाळी जोगदंड डॉक्टर आले. साहेबांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मला बोलावलं.

“सोपान, नोकरी करायची का?”

“हौ, साहेब.”

“मग यापुढं रिपोर्ट फक्त डॉक्टरच्या हातात. दुसऱ्या कुणाच्या कानात नाही. आता ऐक, कारण हे निस्तरायला तूच लागणार आहेस.”

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. अंगात जंतू शिरले की रक्त त्यांच्याविरुद्ध एक वस्तू बनवतं, अँटिबॉडी. चांगली वस्तू आहे. पण काही माणसांत ती स्वतःच्याच अंगाविरुद्ध बनते. कातडी, सांधे, किडनी, जिथं जमेल तिथं त्रास देते. कांताच्या गालावरचा लाल चट्टा त्यातलाच. रोगाचं नाव ल्युपस. लहान लेकरात कमी दिसतो म्हणून लवकर ध्यानात येत नाही. अन् या उलट्या अँटिबॉडीतली एखादी आमच्या व्हीडीआरएलच्या औषधालाही जाऊन चिकटते. गुठळ्या होतात. गरमी नसताना टेस्ट गरमीची येते.

“म्हंजी टेस्ट खोटी?” मी विचारलं.

“टेस्ट बरोबर आहे. तू वाचलीस चुकीची.”

चंद्रभागेचं रक्त घेतलं. दंडाला रबर मीच बांधलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिची टेस्ट निगेटिव्ह आली.

दुपारी रंगनाथ पालमहून आला, सोबत मेव्हणा ज्ञानोबा. ज्ञानोबा ठेंगणा, बोलका माणूस होता. त्या दिवशी मात्र बहिणीच्या खाटेजवळ खाली मान घालून उभा राहिला. डॉक्टरांनी दोघांना खोलीत बोलावलं. आईचं रक्त साफ आहे म्हणून सांगितलं.

रंगनाथ म्हणाला, “आदी औषध खाऊन बरी झाली आसंल. म्हायेरी जात व्हती की सालोसाल.”

मुद्दा बिनतोड होता. औषध घेतल्यावर टेस्ट निगेटिव्ह होऊ शकते, हे त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

“मग तुमचंही रक्त द्या,” डॉक्टर म्हणाले.

“मी कशाला दिऊ? मी काय केलं?”

गया दारात उभी होती. आयानं डॉक्टरच्या खोलीत बोलायची पद्धत नव्हती. ती बोलली. “तिनं काय केलं व्हतं मग, दादा? तिनं तर बिनबोभाट दिलं.”

“गयाबाई, बाहेर,” डॉक्टर म्हणाले. ती गेली, पण बोलून गेली.

ज्ञानोबा म्हणाला, “दाजी, उद्याच्या चारच्या गाडीपस्तोर थांबतो. मंग तुमी म्हणाल तसं. बहीण काय मला जड न्हाई. पण आसं नाव लावून न्यायचं म्हंजी गावात तिनं कसं फिरावं?”

तर चार वाजेपर्यंतचा वेळ होता. त्या बाईला ‘घाण’ म्हणून पालमच्या बसमध्ये बसवायचं की नाही, एवढाच सवाल होता. अन् तो सवाल मी उभा केला होता.

डॉक्टरांनी कादरी साहेबांना विचारलं, “एलई सेल कराल?”

“हैदराबाद में करता था साब. यहाँ आके एक बार भी नहीं करा. जाली नहीं, काँच के मोती नहीं.”

“जमवा.”

आता म्हणे एएनए नावाची टेस्ट असते, मशीनवर होते, कागद छापून येतो. तेव्हा परभणीत एलई सेल सोडून काही नव्हतं, अन् तीही कुणी करत नव्हतं. ती अशी. रक्त नळीत घ्यायचं, गोठू द्यायचं, अंगाच्या उबेइतकं गरम दोन तास ठेवायचं. मग गोठलेली गुठळी जाळीतून नाहीतर काचेचे मोती घालून चिरडायची. चिरडल्यावर काही पेशी फुटतात, त्यांचा गाभा उघडा पडतो. पोरीच्या रक्तात ती उलटी अँटिबॉडी असली तर ती त्या गाभ्याला धरते, फुगवते. मग पांढरी पेशी येऊन तो गाभा अख्खा गिळते. तसली गिळलेली पेशी दिसली की झालं, रोग पकडला. थंड ठेवलं तर काहीच होत नाही. आमची सवय उलटी. रक्त आलं की बर्फात. साहेबांनी मला तीनदा बजावलं, “फ्रिज कू हात नको लगा.”

जाळी गयानं दिली. चहाची गाळणी. दोनदा उकळली. “चहाला परत द्याल का?” तिनं विचारलं. आदल्या दिवसापासून माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी म्हणालो, “न्हाई.” ती म्हणाली, “मंग मी चहा कशात गाळू?” अन् निघून गेली. आम्ही पुढचे आठ दिवस फडक्यातून गाळलेला चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कांताचं रक्त घेतलं. दोन नळ्या. पोरगी रडली नाही. म्हणाली, “मामा, हेच्यानं मी बरी व्हनार का?” मी म्हणालो, “डॉक्टरला इचार.” नवीन सवय लागायची होती, ती तिथून लागली.

आमचा इनक्युबेटर म्हणजे लाकडी पेटी, आत एक बल्ब. नळ्या ठेवल्या अन् पंधरा मिनिटांत लाइट गेली. बाहेर तारेवर काही झालं होतं, कधी येईल कुणी सांगेना. साहेब पेटीवर हात ठेवून बसले. पेटी निवायला लागली.

“गरम पाणी करू?” मी विचारलं.

“जास्त गरम हुआ तो पेशी मरती. कम हुआ तो बेकार. बदन जैसा होना.”

मी शर्टाची बटनं काढली. एक नळी डाव्या काखेत, एक उजव्या काखेत. वरून गयाचं जुनं लुगडं छातीभोवती गुंडाळून घट्ट गाठ मारली. साहेब बघत राहिले. म्हणाले, “हिलना नहीं.”

पावणेदोन तास मी स्टुलावर बसलो. हात अंगाला चिकटवून. नाकावर माशी बसली तरी हाकलता येईना. बातमी वॉर्डात गेली. नर्सा येऊन बघून गेल्या. गया आली, पाच मिनिटं दारात उभी राहिली.

“कोंबडीवानी उबवायलाय का?”

“हौ.”

“पिल्लू निघालं म्हंजी बरं.” अन् पदरानं माझ्या नाकावरची माशी हाकलली.

ते मला अजून आठवतं. पन्नास वर्षांचा संसार झाला आमचा, लेकरं झाली, लग्नं झाली. पण डोळे मिटले की ती पदरानं माशी हाकलतानाची दिसते. मी बांधलेला, हलता येत नाही, अन् ती हसायचं नाही म्हणून ओठ दाबतेय.

ज्ञानोबाही खिडकीशी येऊन उभा राहिला. “भाऊ, हे काय चाललंय?”

“तुमच्या बहिणीसाठीच हाय.”

तो तिथंच खिडकीखाली बसला.

अकराच्या पुढं साहेबांनी नळ्या सोडवल्या. गाळणीत गुठळी घालून काचेच्या दांड्यानं चिरडली. ते पाणी हातानं फिरवायच्या सेंट्रिफ्यूजमध्ये घातलं. लाइट नव्हती म्हणून तो जुना हातातला काढला होता. मी फिरवला. तांबड्या पेशी खाली बसल्या, त्यांच्यावर पांढऱ्या पेशींचा बारीक थर आला, सायीसारखा. तो काचेवर ओढला, जांभळा रंग दिला. पाच काचा केल्या. मायक्रोस्कोपला आरसा होता, खिडकीच्या उजेडावर चालायचा.

पहिल्या काचेवर काही नाही. दुसऱ्या काचेवर काही नाही. साहेब एक एक पेशी बघत होते. डोळ्याला पाणी आलं की चष्मा पुसायचे. दीड वाजला. डॉक्टर येऊन गेले. तिसऱ्या काचेवर काही नाही. मला वाटायला लागलं, काखेतली ऊब कमी पडली.

चौथ्या काचेवर साहेबांचा हात थांबला.  मग उठले, खुर्ची माझ्याकडं सरकवली. “बैठ. देख.”

दहा वर्षांत त्यांनी मला त्या खुर्चीवर कधी बसवलं नव्हतं. मी बघितलं. सापानं बेडूक गिळला की पोट दिसतं ना, तशी एक पेशी. मधोमध मोठा गोल जांभळा गोळा, गुळगुळीत. तिचा स्वतःचा गाभा कडेला दाबून गेलेला. शेजारी अजून एक तसलीच.

“येच है,” साहेब म्हणाले. “यही दो काफी हैं.” तरी त्यांनी अजून तीन शोधल्या, मगच सही केली.

अडीच वाजता डॉक्टरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. रंगनाथ, ज्ञानोबा, चंद्रभागा. मलाही. रोग काय आहे ते त्यांनी सांगितलं. हा महारोग नाही, गरमी नाही, लागट नाही, आईकडून आलेला नाही. गोळ्या लय दिवस घ्याव्या लागतील, उन्हात जायचं नाही, दर महिन्याला लघवी तपासायची. शाळेत मास्तराला चिठ्ठी देतो म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, “परवा मी तुमाला सांगितलं ते माझं चुकलं. मला त्यातलं कळत न्हवतं. कळत न्हवतं तरी बोललो.”

रंगनाथ म्हणाला, “आज कळतंय का?”

“आजबी न्हाई. पण आज डॉक्टर बोलायलेत.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, “चल. पोरीला गोळ्या सुरू करून घरी जाऊ. झालं ते झालं.”

चंद्रभागा जागची हलली नाही. तीन दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. बारीक आवाज, पण अडखळला नाही.

“माझं रगत मी दिलं. तुमचं द्या.”

“आता कशाला? डॉक्टर म्हनले की आईचं न्हाई म्हनून.”

“डॉक्टर म्हनले. तुमी न्हाई म्हनलात. तुमी बारा खाटांम्होरं बोललात.”

ज्ञानोबा म्हणाला, “अक्का, सोड की.”

“तू गप्प बस. चारची गाडी हाय ना तुझी? तुझ्या दाजीनं रगत दिलं तर मी झरीला जाईन. न्हाई दिलं तर तुझ्यासंगं येईन. पण आता कुणी हाकललं म्हनून न्हाई, मी होऊन येईन.”

 टेस्टची आता गरज नव्हती, ते डॉक्टरांनाही माहीत होतं. पेन टेबलावर ठेवून ते थांबले.

रंगनाथ उभा होता. मी बघत होतो. उंच माणूस, हात शेतकऱ्याचे, शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. मला वाटलं, आता हा निघून जाईल. मग त्यानं सदऱ्याची बाही वर सरकवली.

“घ्या,” म्हणाला. “पण कागद तिला द्या. मला दावू नगा.”

लॅबमध्ये दंडाला रबर मीच बांधलं. इतक्या शिरा, तरी सुई दोनदा लागली. तो गडी हललाही नाही. लाइट आली होती. सिरम गरम पाण्यात ठेवलं. काच मी फिरवली, चार मिनिटं. साहेबांनी बघितलं, लिहिलं, सही केली, कागदाची घडी केली अन् माझ्या हातात दिली.

मी वऱ्हांड्यात गेलो. चंद्रभागा पोरीचं बोचकं बांधत होती. मी घडी तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. कुणाकडून वाचून घेते की काय म्हणून मी थांबलो. तिनं घडी तशीच कमरेच्या ओच्यात खोचली. माझ्याकडं बघितलं. परवापासून पहिल्यांदाच. विचारलं काहीच नाही.

नवरा चार पावलांवर उभा होता. 

पालमची गाडी आली. ज्ञानोबा एकटाच चढला. कांताला आठ दिवस ठेवून घेतलं. पुढच्या गुरुवारी तिघं झरीच्या गाडीत बसून गेली. गालाचा चट्टा महिन्याभरात पार फिका झाला. चार वर्षं दर महिन्याला लघवी तपासायला यायची. बापच आणायचा. गोळ्यांनी तोंड सुजलं म्हणून रुसायची. मग जोगदंड डॉक्टरांची बदली झाली, दवाखानाही मोडकळीला आला, अन् ती कुठं दाखवायला लागली ते मला कळलं नाही. बरी असेल असं धरून चाललोय.

त्यानंतर तीस वर्षं नोकरी केली, आधी तिथं, मग दुसऱ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये. खिडकीशी येऊन कुणी विचारलं, काय निघालं मामा, तर मी म्हणायचो, डॉक्टरला विचारा. लोक मला खडूस म्हणायचे. म्हणू द्या. कागदावरचा शब्द वाचता येणं अन् त्याचा अर्थ कळणं, यांच्यात लय अंतर असतं. ते अंतर मी दुसऱ्याच्या बायकोच्या जिवावर शिकलो.

रंगनाथच्या कागदावर काय होतं ते मला माहीत होतं. काच मीच फिरवली होती. गया लय विचारायची. सणासुदीला, कधी भांडणात, कधी लाडात. “आता तरी सांगा, काय निघालं व्हतं त्याचं?” मी म्हणायचो, डॉक्टरला विचार. ती म्हणायची, डॉक्टर कवाच मेला.

शेवटच्या दुखण्यातही एकदा विचारलं. मी तेव्हाही सांगितलं नाही. नियम म्हणजे नियम, असं मनात धरून बसलो. आता वाटतं, एक तिला सांगायला हरकत नव्हती.